थेंब किती, आणि कुठून?

सुगंधी तेलांबद्दल नागपूर परिसरातून या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी ही सहा पत्रं, थोडक्यात करून, उत्तरांसह देत आहोत.

नातू 7 महिन्यांचा आहे. कूलर सुरू झाल्यापासून त्याचं नाक चोंदतं. गळ्यात कापूर-ओव्याची पुरचुंडी बांधते, झबल्यावर निलगिरीचे दोन थेंब टाकते. सून म्हणते, हे बंद करा. काय करू? (महाल)

सूनबाईंचं ऐका, आणि आजपासूनच. मोठ्या माणसाला निलगिरीनं किंवा पुदिन्याच्या अर्कानं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, ते बरंचसं थंडाव्याच्या जाणिवेमुळे. आतली सूज तेवढीच राहते. बाळाला त्या जाणिवेचा काही उपयोग नाही. उलट नाकाशी इतका तीव्र वास आला, की तान्ह्या मुलाचा श्वास आपोआप काही क्षण अडू शकतो. पुरचुंडीचा धोका तर वेगळाच. सात महिन्यांचं मूल हाती लागेल ते तोंडात घालतं, आणि कापूर पोटात गेला की काही मिनिटांतच झटके येऊ शकतात. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला कापूर, निलगिरी, मेन्थॉल यांतलं काहीही लावू नका, हुंगवू नका.

त्याऐवजी औषधाच्या दुकानातून नाकात टाकायचे सलाइनचे थेंब आणा. पाजण्याआधी दहा मिनिटं, प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब. कूलरचा झोत पाळण्यावर येऊ देऊ नका. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध सोडत असेल, तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या.

घरातल्या मोठ्यांना वाफ घ्यायची असेल तर अर्धा लिटर पाणी उकळून गॅस बंद करा, पातेलं टेबलावर घट्ट बसवा आणि दोन मिनिटांनी निलगिरीचे फक्त 2 थेंब टाका. डोळे मिटून, तोंड वीतभर वर ठेवून, पाच मिनिटं. दहा थेंब टाकून जास्त गुण येत नाही. तेल पाण्यावर तरंगतं आणि बहुतेक सगळं सुरुवातीलाच उडून जातं. मग डोळे झोंबतात, ठसका लागतो, एवढंच. दमा असेल तर तेल नकोच, नुसती वाफ घ्या. आणि नेब्युलायझरमध्ये कुठलंही तेल कधीही टाकू नका. त्यातले बारीक तुषार थेट फुप्फुसात उतरतात आणि तेलानं न्यूमोनिया होऊ शकतो.

अमृतधारा घरी केली. कापूर, ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल सारखं घेतलं, पण खाली गाळ राहिला. पोटात घेतली तर चालेल का? (इतवारी)

ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल, पुदिन्याचं फूल म्हणजे मेन्थॉल. कापरासकट तिन्ही घन पदार्थ, पण एकत्र आले की एकमेकांचा वितळणबिंदू खाली आणतात आणि त्यांचं पाणी होतं. प्रत्येकी 10 ग्रॅम घ्या, कोरड्या काचेच्या बाटलीत भरा, बूच लावून हलवत राहा. कडेचे खडे आधी ओलसर दिसतात, मग आपसांत चिकटतात आणि हळूहळू सगळं पारदर्शक, पातळ होतं. उष्णता द्यायची गरज नाही. गाळ राहतो तो बहुधा पूजेच्या कापराच्या वड्यांमुळे. त्या आकारात टिकाव्यात म्हणून त्यांत दुसरं काही मिसळलेलं असू शकतं. अशी बाटली ना पोटात घेण्यासाठी, ना अंगाला लावण्यासाठी. टाकून द्या आणि औषधी दर्जाचा कापूर वापरून पुन्हा करा.

डोकं दुखत असेल तर चमचाभर खोबरेल तेलात 2 थेंब घालून कपाळाला लावा, डोळ्यांपासून दूर. पोटासाठी कपभर पाण्यात दोन-तीन थेंब घ्यायची जुनी रीत आहे. पण या मिश्रणाचा एक तृतीयांश भाग कापूर आहे, हे विसरू नका. चहाच्या एका चमच्यात, म्हणजे 5 मिलीत, सुमारे दीड ग्रॅम कापूर येतो, आणि लहान मुलाचा जीव एका ग्रॅमनंही गेल्याची नोंद आहे. म्हणून मुलं, गरोदर बायका आणि फिट्स येणारे यांना पोटातून मुळीच नाही. जुलाब होत असतील तर आधी ओआरएस. अमृतधारेनं शरीरातलं गेलेलं पाणी भरून येत नाही.

चुकून कोणी प्यायलं, तर उलटी करवू नका. उलटीत तेल श्वासनलिकेत शिरतं. 108 ला फोन करा किंवा बाटली सोबत घेऊन थेट नागपुरातल्या मेडिकल नाहीतर मेयो रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा.

कूलरच्या पाण्यात वाळ्याचं तेल टाकलं तर? डासही होणार नाहीत ना? (मनीषनगर)

वास येईल, थोडा. वाळ्याचं तेल जड आणि चिकट. ते पाण्यात मिसळत नाही, सावकाश उडतं. टाकीच्या कडेला, पंपाला आणि ताट्यांना त्याचा थर बसतो, त्यावर धूळ धरते आणि ताटीतून पाणी नीट झिरपत नाही. वाळ्याचाच वास हवा असेल तर वाळ्याची ताटी बसवा. गारव्याला आणि वासाला तीच खरी. डासांचं म्हणाल, तर भरवसा ठेवू नका. डेंग्यूच्या डासाची अंड्यापासूनची वाढ आठवडा-दहा दिवसांत पूर्ण होते. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा आणि कडा घासून पुसा, कारण अंडी कडेलाच चिकटलेली असतात. याला दुसरा पर्याय नाही. घरात मांजर असेल तर तेलं उडवणारे डिफ्युझरही टाळा. मांजराच्या यकृताला यांतली बरीचशी द्रव्यं पचवता येत नाहीत.

वडील 72 वर्षांचे. गुडघ्यांना गंधपुरा तेल चोळतात, वरून गरम पाण्याची पिशवी. रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे. (वाडी)

गंधपुरा आणि ही गोळी एकत्र चालणार नाही. गंधपुऱ्याचं तेल म्हणजे जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेट, ॲस्पिरिनच्याच कुळातलं. 5 मिली तेलात सुमारे 7 ग्रॅम ॲस्पिरिनइतकं सॅलिसिलेट असतं, म्हणजे 325 मिलिग्रॅमच्या वीसहून जास्त गोळ्या. चोळलेलं सगळं आत जात नाही हे खरं, पण रोज, मोठ्या भागावर आणि वरून शेक दिला तर बरंच जातं. गोळी वॉरफरिन असेल तर रक्तस्राव होण्याइतका परिणाम वाढू शकतो. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, काळी शौच दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गोळी सुरू आहे तोवर नुसतं तिळाचं तेल आणि शेक. पिशवीनं तेल लावलेली कातडी भाजल्याचे प्रकारही होतात, म्हणून शेक आधी, तेल नंतर.

आयबीएससाठी (पोटात कळा, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ असा आतड्याचा जुना त्रास) पेपरमिंट तेलाची कॅप्सूल घेतली की छातीत जळजळ होते. (धंतोली)

तुम्ही ती फोडून, चावून किंवा ॲसिडिटीच्या औषधासोबत घेत असाल. कॅप्सूलचं वेष्टन जठरात टिकून आतड्यात विरघळावं असं केलेलं असतं. ॲसिडिटीचं औषध जठरातलं आम्ल कमी करतं, वेष्टन वरच विरघळतं आणि तेल अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू सैल करतं. जेवणाआधी अर्धा ते एक तास, पाण्यासोबत, अख्खी गिळा. अँटासिड घ्यायचंच तर दोन तासांचं अंतर ठेवा. तरीही जळजळ थांबली नाही, तर कॅप्सूल बंद करून डॉक्टरांना सांगा.

संत्र्याच्या सालीचं तेल मागच्या वर्षी आणलं होतं. आता ड्रॉपरचं रबर फुगलंय आणि लावलं की खाज येते. (काटोल रोड)

या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनिन असतं. ते रबर फुगवतं, थर्मोकोल तर चक्क विरघळवतं. पण खाजेचं कारण वेगळं. हवा लागून लिमोनिनचं ऑक्सिडीकरण होतं आणि तयार होणारी द्रव्यं ॲलर्जी उठवतात. 45 अंशांच्या उन्हाळ्यात ही क्रिया झपाट्यानं होते. ती बाटली अंगाला लावू नका. नवी आणाल ती लहान, गडद काचेची आणा, घट्ट झाकणाची. वर तारीख लिहा, फ्रिजमध्ये ठेवा आणि अर्धी रिकामी झाली की उरलेलं आणखी लहान बाटलीत भरा. मालिशसाठी 10 मिली तिळाच्या तेलात 4 थेंब, आणि पहिल्यांदा हाताच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहा. जवसाचं तेल यासाठी घेऊ नका, ते स्वतःच लवकर खवट होतं. संत्र्याऐवजी लिंबाच्या सालीचं तेल असेल तर मात्र लावून उन्हात जाऊ नका: कातडी भाजते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात.