आरोग्यासाठी निम्मी पुंजी बाजूला काढावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमचे वय ५४, पत्नीचे ४९. साठाव्या वर्षी निवृत्ती. त्यानंतर निवृत्तिवेतनातून निम्मा घरखर्च भागेल आणि साठवलेली पुंजी आजच्या हिशेबाने वीस वर्षांच्या घरखर्चाएवढी आहे. समाजात वृद्धांची संख्या वाढत असल्याने उपचार आवाक्याबाहेर जातील, या धास्तीने तुम्हाला यातली निम्मी पुंजी आरोग्यासाठी मुदत ठेवीत अडकवायची आहे आणि दरवर्षी चढत्या हप्त्याचा आरोग्य विमा बंद करायचा आहे.

माझे मत स्पष्ट सांगतो. निधी जरूर वेगळा काढा, पण दहा वर्षांच्या घरखर्चाएवढा नको, सहा वर्षांचा पुरे. विमा मात्र बंद करू नका.

आधी धास्तीचे बघू. समजा, पासष्टीपुढच्या माणसाचा वैद्यकीय खर्च इतरांच्या तिप्पट आहे आणि अशा माणसांचे प्रमाण २५ वर्षांत १५ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेले. इतरांचा खर्च १ धरला तर दरडोई सरासरी १.३० वरून १.५० वर जाते. म्हणजे २५ वर्षांत सुमारे १५ टक्के वाढ, वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण टक्का. खर्च त्याहून वेगाने वाढतो तो नवी औषधे, नवी यंत्रे, वाढते पगार आणि पूर्वी ज्यावर इलाजच नव्हता अशा आजारांवर होऊ लागलेले उपचार यांमुळे. शिवाय खर्च वयाबरोबर एकसारखा चढत नाही, त्याचा मोठा भाग आयुष्याच्या शेवटच्या काळात एकवटतो. स्वित्झर्लंडमधील अर्थतज्ज्ञ पीटर झ्वाइफेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तिथल्या आजारपण विम्याच्या नोंदींवरून नेमके हेच मांडले: खर्च ठरतो तो मृत्यूच्या जवळिकीवर, निव्वळ वयावर नाही. त्यावर पुढे बराच वाद झाला आणि दीर्घकालीन शुश्रूषेला हा निष्कर्ष तितकासा लागू पडत नाही, हेही त्यातून पुढे आले. तुमच्या नियोजनासाठी हा फरक फार महत्त्वाचा आहे.

कारण म्हातारपणी पैसा दोन वेगळ्या वाटांनी जातो. एक वाट रुग्णालयाची. खर्च अचानक येतो, मोठा असतो, आणि तो कोणावर कधी येईल ते सांगता येत नाही. अशा जोखमीसाठीच विमा असतो. दुसरी वाट शुश्रूषेची: आंघोळ, कपडे, जेवण, शौच, उठणे-बसणे यांसाठी महिनोन्‌महिने माणूस लागणे. साधी आरोग्य पॉलिसी सहसा याचे पैसे देत नाही. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये शुश्रूषेसाठी स्वतंत्र सक्तीचा विमा सुरू केला, तो हे वेगळे ओझे ओळखूनच. अशी सोय नसेल तिथे ते आपल्याच पुंजीतून पेलावे लागते.

विमा सोडण्यात धोका असा की, वयाच्या ५४ व्या वर्षी बाहेर पडलात आणि साठीत परत यावेसे वाटले, तर तोवर जडलेला रक्तदाब किंवा मधुमेह आड येतो. एकतर नकार मिळतो, नाहीतर वाढीव हप्ता आणि पुन्हा नव्याने प्रतीक्षा कालावधी, म्हणजे आधीच्या आजारांचे दावे मंजूर होत नाहीत तो काळ. हप्ता चढतो हे खरे. आज तो घरखर्चाच्या ३ टक्के असेल, दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढला आणि घरखर्च ५ टक्क्यांनी वाढला, तर २७ वर्षांनी तो घरखर्चाच्या साधारण ६.४ टक्के होईल. वयाचे टप्पे ओलांडताना बसणारे झटके धरून मी १० ते १२ टक्के गृहीत धरेन. तरुण सभासद सोडून गेले की उरलेल्या गटाचे सरासरी वय वाढते आणि हप्ता भडकतो. लोकसंख्येच्या वृद्धत्वाचा चटका तुम्हाला थेट बसेल तो इथे. म्हणून जास्त वजावटीची पॉलिसी घ्या, म्हणजे पहिली ठरावीक रक्कम आपण भरायची आणि त्यापुढचे विम्याने. हप्ता बराच खाली येतो. बदल करताना जुनी पॉलिसी नवी हातात येईपर्यंत सोडू नका, आणि को-पेचे (प्रत्येक बिलातला ठरावीक टक्के वाटा आपण भरण्याचे) कलम व उपचारनिहाय मर्यादा लेखी तपासा. दावे बहुधा तिथेच कापले जातात.

आता मुदत ठेवीचे. दहा वर्षांच्या खर्चाएवढी रक्कम करानंतर ५ टक्क्यांनी वीस वर्षे वाढली आणि उपचारांचे दर ९ टक्क्यांनी वाढले, तर त्या रकमेतून आजच्या भावाने फक्त ४.७ वर्षांएवढे उपचार विकत घेता येतील. सुरक्षित म्हणून ठेवलेली पुंजी निम्म्याहून अधिक झिजते. शिवाय तुमच्या मांडणीत जगण्यासाठी दहाच वर्षांचा खर्च उरतो. निम्मा घरखर्च त्यातून घेतला आणि परतावा महागाईतच गेला, तर तुमच्या ऐंशीव्या वर्षी तो संपतो. तेव्हा पत्नी ७५ वर्षांच्या असतील. चौदा वर्षांचा खर्च उरला, तर तोच हिशेब ८८ व्या वर्षापर्यंत पोहोचतो.

सहा वर्षांच्या खर्चाएवढ्या निधीची विभागणी अशी करा. दीड वर्षाच्या खर्चाएवढी रक्कम दंडाशिवाय लगेच काढता येईल अशी ठेवा. वजावट, को-पे आणि विम्यात न बसणारी औषधे यातून. उरलेले साडेचार शुश्रूषेसाठी: दोन तुमच्या नावावर, अडीच पत्नीच्या. हे समान करू नका. पतीचे दीर्घ आजारपण सामायिक खाते रिकामे करते आणि मागे राहिलेल्या पत्नीला तिच्या वेळी काही उरत नाही, हे फार घरांत घडते, आणि ते टाळता येण्याजोगे आहे. तुमच्यामागे निवृत्तिवेतन पत्नीला किती मिळणार, हेही आजच लेखी विचारून घ्या. ते निम्म्यावर येत असेल, तर तिचा वाटा तीनवर न्या.

शुश्रूषेच्या रकमेला दहा-पंधरा वर्षे हात लागणार नसल्याने तिचा निम्म्याहून अधिक भाग समभागाधारित फंडात ठेवता येईल. पासष्टीनंतर दरवर्षी दहावा हिस्सा सुरक्षित साधनांत वळवत जा. रक्कम पुरेशी आहे का ते पाहण्यासाठी दिवसरात्र मदतनीस ठेवण्याचा आजचा मासिक दर विचारा आणि त्याला ३६ ने गुणा. उत्तर तुमच्या दोन वर्षांच्या घरखर्चापेक्षा जास्त आले, तर आकडे पुन्हा मांडू. त्या वेळी पॉलिसीची प्रतही सोबत पाठवा.