बिल्डर कोणता ते नंतर. सत्तराव्या वर्षी हप्ता कोण भरणार?

वडोदऱ्यातल्या कारेलीबागेत भाड्याच्या घरात राहणाऱ्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ५०. मकरपुऱ्यातल्या इंजिनिअरिंग कंपनीत नोकरी, हातात येणारा पगार ८२ हजार. पत्नी शिकवण्या घेतात, त्यातून १० हजार. मुलगी बारावीत. घरभाडं ११ हजार, घरखर्च ४० हजार. जमवलेलं म्हणजे पीएफमध्ये १९ लाख आणि एफडी ११ लाख.

त्यांच्यासमोर दोन फ्लॅट आहेत. पहिला भायलीत, नव्या बिल्डरचा, ६२ लाखांचा तीन बेडरूमचा. पोहण्याचा तलाव, जिम, क्लबहाउस असं सगळं. ताबा सव्वादोन वर्षांनी. रेरा या बांधकाम प्रकल्पांवरच्या सरकारी नियामकाकडचा नोंदणी नंबर 'येतोच आहे', पण आत्ता १५ लाख भरले तर प्री-लाँचचा भाव. २ लाख टोकन म्हणून देऊन झाले आहेत, लेटरहेडवर पावती मिळाली आहे. दस्तावेज ५० लाखांचा, वरचे १२ लाख रोख. दुसरा वाघोडिया रोडवर, जुन्या बिल्डरचा, तयार, ५८ लाखांचा, सगळे चेकनं. पण 'जरा जुन्या पद्धतीचा, अॅमिनिटीज नाहीत'. कर्ज ४० लाखांचं, २० वर्षांचं. प्रश्न एवढाच: दोघांपैकी कोणता बिल्डर भरवशाचा?

पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात त्यांनी सहज लिहिलं आहे: 'कर्ज लांबतं, पण त्याची काळजी नाही. बँकेतल्या मॅनेजरनी दोन वर्षांपूर्वी युलिप (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) दिली आहे, वर्षाला १ लाख २० हजारांची. ५८व्या वर्षी निदान ३० लाख येतील, त्यात कर्ज संपेल.'

साहेब, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो, पण आधी या शेवटच्या परिच्छेदाकडे येऊ. तुमचं सगळं गणित त्याच्यावर उभं आहे आणि ते खोटं आहे.

४० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं म्हणजे हप्ता ३४,७०० च्या आसपास. तुम्ही ५८व्या वर्षी निवृत्त होता, म्हणजे पगारातून आठच वर्षं हप्ते जाणार. या आठ वर्षांत तुम्ही ३३ लाख भराल, त्यातलं मुद्दल फिटेल पावणेनऊ लाख. निवृत्तीच्या दिवशी ३१ लाखांवर कर्ज शिल्लक असेल आणि पगार बंद झालेला असेल.

आता युलिप. दहा हप्ते, एकूण १२ लाख. त्याचे दहा वर्षांत ३० लाख व्हायला दरसाल १६ टक्क्यांहून जास्त परतावा हवा, तोही सगळे आकार, म्हणजे कंपनीची शुल्कं, कापून गेल्यावर. पॉलिसी घेताना तुमची सही घेतलेला एक तक्ता कागदपत्रांत असेल, तो काढा. त्यात ४ टक्के आणि ८ टक्के असे दोनच दर दाखवतात, कारण विमा नियामकानं तेवढेच दाखवायची मुभा दिली आहे. ४ टक्क्यांनी आकार धरायच्या आधी १५ लाख होतात, ८ टक्क्यांनी पावणेएकोणीस. आकार गेल्यावर त्याहून कमी. आठ वर्षांनी ३१ लाखांच्या कर्जासमोर फार तर १७ लाख घेऊन तुम्ही उभे राहाल. काउंटरपलीकडून ३० लाखांचा आकडा ज्यानं सांगितला त्यानं तो कुठंही लिहून दिलेला नाही. विमा विकताना असं तोंडी आश्वासन देणं आणि पन्नाशीच्या माणसाला त्या भरवशावर वीस वर्षांच्या कर्जात उतरू देणं, याचा मला मनापासून संताप येतो.

बरं, त्या पॉलिसीत विमा किती? वर्षाच्या हप्त्याच्या दहापट, म्हणजे १२ लाख. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर ४० लाखांचं कर्ज आणि १२ लाखांचा विमा, आणि शिकवण्यांच्या १० हजारांत पत्नीनं हप्ता भरायचा. हा विचार पत्रात कुठंच नाही.

आणि पीएफ. तुम्ही हिशेब केला आहे तो असा: फ्लॅट ६२, जीएसटी ५० लाखांवर ५ टक्के म्हणजे अडीच, मुद्रांक शुल्क ४.९ टक्के म्हणजे जवळजवळ अडीच (पत्नीच्या एकटीच्या नावावर घेत असल्यानं नोंदणीचा १ टक्का माफ, हे तुम्ही बरोबर धरलं आहे), मेंटेनन्स, वीजजोडणी, वकील वगैरे अडीच. साडेएकोणसत्तर. कर्ज ४०, एफडी ११, पीएफ १९ मिळून ७०. तुम्ही लिहिता, 'बरोबर बसतंय.' खिशात ५० हजार उरतात, मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजात जाणार आहे आणि तुम्ही त्याला 'बरोबर बसतंय' म्हणता. तो १९ लाखांचा पीएफ हात न लावता राहिला आणि सध्याचा सव्वाआठ टक्के दर टिकला, तर आठ वर्षांत तुमची पुढची वर्गणी न धरताही जवळजवळ ३६ लाख होतो. तुमचं म्हातारपण म्हणजे तो पीएफ आहे. युलिपचे ३० लाख हवेत आहेत, हे ३६ लाख हातात आहेत, आणि तुम्ही हातातले सोडून हवेतले धरत आहात.

आता महिन्याचा हिशेब. पूर्ण हप्ता सुरू झाला की ३४,७००, युलिपचे १० हजार, घरखर्च ४०, आणि ताबा मिळेपर्यंत भाडं ११. बेरीज पंचाण्णव हजार सातशे. दोघांची कमाई ९२. सगळं वेळेवर झालं तरी दर महिन्याला खड्डा आहे. ताबा एक वर्ष लांबला तर? भाडं ११ हजार आणि ४० लाखांवरचं नुसतं व्याज २८ हजार, म्हणजे महिन्याला ३९ हजार आणि वर्षाला पावणेपाच लाख. ते कुठून येणार? बिल्डर किती चांगला, हा प्रश्न इथं येऊन थांबतो. चांगल्या बिल्डरचंही काम परवानगीत, पावसात, पैशात अडकतं. एक वर्षाचा उशीर ज्या कुटुंबाला सोसणार नाही, त्यानं बांधकाम चालू असलेलं घर घेऊच नये, बिल्डर कितीही नावाचा असो.

मग तो भायलीचा? तिथं तर मला थांबायचं काही कारणच दिसत नाही. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणी होण्याआधी जाहिरात करायची नाही, बुकिंग घ्यायचं नाही. 'प्री-लाँचचा भाव' म्हणजे कायदा मोडल्याची सवलत, आणि जोखीम सगळी तुमची. नोंदणी झाल्यावरसुद्धा रजिस्टर्ड बानाखत, म्हणजे विक्रीचा करार, केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ५० लाखांचे १० टक्के म्हणजे ५ लाख. हे १५ मागत आहेत. नोंदणी झालेल्या प्रकल्पात ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि काम जेवढं झालं असेल तेवढेच काढता येतात, आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांच्या सह्यांनी. नोंदणीच नसेल तर तुमचे १५ लाख उद्या दुसऱ्याच एखाद्या जमिनीच्या सौद्यात जाऊ शकतात.

रोखीचे १२ लाख तर सरळ नाही म्हणा. आपल्या शहरात हे इतकं सवयीचं झालं आहे की शिकलेली माणसंही 'सगळेच देतात' म्हणून देतात. तुमचा पीएफ पै न् पै पांढरा आहे. तो काढून तुम्ही स्वतःच्या हातानं काळा करणार. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला जून २०१५ पासून बंदी आहे, घेणाऱ्याला तेवढाच दंड. पण तुमचं खरं नुकसान दुसरं आहे. काम रखडलं आणि तुम्ही रेराकडे गेलात, तर व्याजासह परत मिळेल ते कागदावर असलेल्या रकमेवर. ते १२ लाख तुम्ही कधी दिलेच नव्हते. पुढं फ्लॅट विकताना तुमची खरेदी ५० चीच धरणार, म्हणजे त्या १२ लाखांवर नफा म्हणून साडेबारा टक्क्यांनी दीड लाख करही तुम्हीच भरणार.

तुम्ही पाठवलेल्या ब्रोशरच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत कार्पेट ८७० चौरस फूट आहे, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत सुपर बिल्टअप (जिना, लिफ्ट वगैरे सामायिक जागेचा वाटा धरून) १,४८०. सुपर बिल्टअपवर भाव ४,२०० पडतो, पाय ठेवायच्या जागेवर ७,१००. तुलना कायम कार्पेटवरच करा.

आता बिल्डर पाहायचा कसा, कारण तो प्रश्न तुम्ही विचारलात आणि तो रास्त आहे. बोर्डावरचं नाव आणि रेराच्या नोंदीतलं नाव जुळतं का, हे मी सगळ्यात आधी बघतो. बहुतेक बिल्डर दर प्रकल्पाला नवी भागीदारी किंवा एलएलपी काढतात. 'तीस वर्षांचा अनुभव' बोर्डाचा असतो, करार तुम्ही करता तो गेल्या वर्षी जन्मलेल्या फर्मशी. गुजरात रेराच्या संकेतस्थळावर त्या फर्मचे भागीदार, ताब्याची जाहीर तारीख, दर तीन महिन्यांचा प्रगतीचा अहवाल, सगळं मोफत दिसतं. ताब्याची तारीख एकदा वाढवून घेतली असेल तर तेही कळतं. सेल्समन सांगतो ती तारीख सोडून द्या.

'बँकेनं प्रोजेक्ट अप्रूव्ह केला आहे' यावर निर्धास्त राहू नका. बँक आपलं तारण पाहते, भिंतीतली ओल पाहत नाही. बिल्डरनं जमिनीवर कर्ज उचललं असेल तर तुमच्या फ्लॅटपुरती त्या बँकेची ना हरकत चिठ्ठी लेखी हवी. टायटल तुमच्या वकिलाकडून तपासा, बिल्डरनं दिलेल्या वकिलाकडून नको.

त्यानंतर एक रविवार द्या. त्याच बिल्डरची सहा-सात वर्षं जुनी इमारत शोधा आणि पाऊस पडून गेल्यावर जा. गच्चीखालच्या मजल्याचं छत, लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी, पार्किंगच्या भिंती बघा. सोसायटीच्या सेक्रेटरींना दोनच गोष्टी विचारा: बीयू परमिशन (इमारत वापरायची परवानगी) ताब्याच्या आधी आली की नंतर, आणि मेंटेनन्सचं डिपॉझिट सोसायटीला मिळालं का. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरनं ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा, असा कायदा आहे. त्यांच्याकडे केला का, हेही विचारा. बिल्डरची परीक्षा या तीन उत्तरांत होते, सॅम्पल फ्लॅटमध्ये नाही.

आणि वडोदऱ्यात विश्वामित्री नदीला विसरून घर घेऊ नका. २०१९ च्या जुलैअखेर आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुरात काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. जागेजवळच्या चहावाल्याला, पानवाल्याला विचारा, त्या आठवड्यात इथं पाणी कुठवर होतं. शहराबाहेरच्या नव्या स्कीममध्ये कॉर्पोरेशनची पाण्याची लाइन आली आहे की बोअर आणि टँकरच, हेही. आजवा तलावाचं पाणी पिऊन मोठे झालेल्या आपल्या लोकांना हा प्रश्न सुचतच नाही.

दोघांपैकी एकच निवडायचा तर वाघोडिया रोडचा, बीयू हातात असेल तर. तयार घराला जीएसटी नाही, रोख नाही, भाडं लगेच थांबतं. पण ५८ लाखांचं तेही घर तुमच्या मापाचं नाही. मुद्रांकासह ६१ होतात आणि कर्ज तेच सत्तरीपर्यंतचं.

तुमचं माप असं निघतं. ३४,७०० चाच हप्ता आठ वर्षांत संपवायचा तर कर्ज २४ लाख. एफडीतले ६, पाच लाख बाजूला राहू द्या. पीएफमधून फार तर ८. मिळून ३८, खर्च वजा जाता घर ३५ लाखांचं. तयार, बीयू असलेलं, दोन बेडरूमचं, बहुधा दहा-बारा वर्षं जुनं. मांजलपूर, कारेलीबाग, वाघोडिया रोडकडे शोधा, क्लबहाउसशिवाय. पीएफमध्ये उरलेले ११ लाख निवृत्तीपर्यंत वीसच्या वर जातील, पुढची वर्गणी वेगळी. भाडं गेलं, युलिप गेली, टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर रक्कम देणारा) आणि मेंटेनन्सचे पाच हजार धरले तरी महिन्याला १२ हजार उरतात. ते मुलीच्या फीला.

युलिप थांबवा, पण आधी कर्जाएवढा साधा टर्म विमा घ्या आणि ती पॉलिसी हातात पडू द्या. पन्नाशीत वैद्यकीय तपासणी होते, नकारही येऊ शकतो. मग पुढचा हप्ता भरू नका. या टप्प्यावर कपात काही हजारांचीच असते आणि रक्कम पाच वर्षांची मुदत पुरी झाल्यावर किमान ४ टक्के व्याजासह परत मिळते.

टोकनचे २ लाख उद्याच लेखी मागा. पत्रात एवढंच लिहा: रेरा नोंदणी नसताना घेतलेली रक्कम परत करावी, पावतीची प्रत सोबत. स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. फोनवर 'साहेब, नंबर आठवड्यात येतोय' ऐकायला मिळेल. १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर तीच कागदपत्रं घेऊन गांधीनगरला रेराकडे तक्रार करा. आणि पीएफचा जो फॉर्म तुम्ही भरून ठेवलाय असं लिहिलंय, तो कंपनीत अजून दिला नसेल तर देऊ नका.