जुनी नोंदणी मोडू नकोस

प्रिय मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मंडळाने संस्था दुसऱ्या देशात न्यायचं ठरवलं, वकील घाई करतोय, आणि तू विचारतोस, जुनी संस्था बंद कधी करायची? इतक्यात नाही. जुनी नोंदणी मोडू नकोस.

नोंदणी उचलून जशीच्या तशी पलीकडे ठेवता येईल असं धरून चालू नकोस. बहुतेकदा तिकडे नवी संस्था जन्माला घालावी लागते आणि करार, ट्रेडमार्क, नोकऱ्या एकेक करून तिच्या नावावर कराव्या लागतात. मुक्त सॉफ्टवेअरचे प्रकल्प सांभाळणाऱ्या एक्लिप्स फाउंडेशनने २०२० मध्ये बेल्जियमला जायचं जाहीर केलं, ब्रुसेल्समध्ये नवी संस्था उभी केली, तरी अमेरिकेतली ठेवलीच. उगाच नाही ठेवली.

आमची चूक सांगतो. स्वित्झर्लंडमध्ये सभासदांनी लेखी घटना मंजूर केली की असोसिएशन कायद्याने उभी राहते. आमची एका दुपारीच झाली. त्या सोपेपणाने डोकं फिरलं आणि मी जुनी विसर्जित करायचा ठराव मांडला. सगळं मिटल्यावर जुन्या पत्त्यावरून फिरत फिरत एक पाकीट आलं. एका वृद्ध सभासद बाईंचं मृत्युपत्र. त्यांनी आम्हाला रक्कम ठेवली होती, जुन्या नावाने, जुन्या नोंदणी क्रमांकासह. ते नाव कागदावर उरलंच नव्हतं. पैसे दुसरीकडे गेले. त्यांचं अक्षर अजून डोळ्यांसमोर आहे.

दोन्हीकडे हिशेब तपासणीचा खर्च होतो, म्हणशील. होऊ दे! करसवलत जुन्या देशातल्या नोंदणीवर मिळते. ती गेली की तिथले कित्येक देणगीदार हात आखडतात. आणि शिल्लक आपली नव्हेच. धर्मादाय संस्था मोडली तर ती तशाच कामाला द्यावी लागते, सभासदांत वाटता येत नाही. ती नव्या संस्थेला द्यायलाही कित्येक ठिकाणी परवानगी लागते. ती परवानगी आधी हातात घे, मग बोल.

मी घाई केली ती भीतीपोटी. सरकार उद्या खातं गोठवेल असं वाटत होतं, आणि ती भीती खोटी नव्हती, हे आजही म्हणतो. जायला हवंच होतं. पण जाणं वेगळं, मोडणं वेगळं. हा फरक तेव्हा मला कुणी खडसावून सांगितला नाही, म्हणून तुला सांगतोय.

विसर्जनाचा ठराव कार्यक्रमपत्रिकेवर असेल तर आजच काढायला लाव. अध्यक्ष चिडले तर माझा फोन नंबर दे.

तुझा,
काका