गेममध्ये कॅप्टन, घरात वेंधळा

"मॅडम, ह्याला साधं दळण आणायला सांगितलं तरी विसरतो. आणि तिकडं मोबाईलवर चार पोरांना हुकूम सोडत असतो. गेमनं डोकं कामातून गेलंय का ह्याचं?"

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेली आई बोलत होती. नववीतला मुलगा नखं कुरतडत बसला होता. वडिलांचं किराणा दुकान. आदल्या आठवड्यात त्यांनी ऐन मॅचमध्ये वायफायचं बटण बंद केलं होतं आणि दोन दिवस घरात अबोला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

मी मुलाला म्हटलं, "मला हा गेम येत नाही, समजावून सांग." त्यानं वीस मिनिटं सांगितलं. खेळायच्या जागेचं वर्तुळ कधी आवळतं, टीममध्ये कुणाकडे औषधं ठेवायची, कुठली झुंज सोडून पळ काढायचा. वडील बघतच राहिले. "दुकानात तीन वस्तू सांगितल्या तर दोन आणतो हा," एवढंच म्हणाले.

हा प्रश्न पालक नेहमी विचारतात: गेममध्ये एवढा हुशार, मग बाहेर का नाही? 2003 साली अमेरिकेत शॉन ग्रीन आणि डाफ्नी बॅव्हेलिए या संशोधकांनी दाखवलं होतं, की मारधाडीचे गेम खेळणाऱ्यांची नजर एका वेळी जास्त गोष्टी टिपते. पण असं कसब सहसा शिकलं तिथल्या आसपासच राहतं, आपोआप दळणाच्या डब्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय गेम लगेच सांगतो, जमलं की चुकलं. हरलात तर मिनिटाभरात नवा डाव. घरी दळण आणलं तर कुणी काही बोलत नाही, विसरलं तर मात्र दोन दिवस ऐकून घ्यावं लागतं.

मला काळजी वेगळीच वाटत होती. आठवडाभर झोपेची नोंद ठेवायला सांगितली. रात्री दीड वाजता झोप, सव्वासहाला शाळेसाठी उठणं. विसराळूपणाचं निम्मं उत्तर त्या वहीतच होतं. पालक खेळण्याचे तास मोजतात. मी विचारते, गेममुळे काय सुटलं? ह्याची झोप सुटली होती. रविवारचं टेनिस बॉलचं क्रिकेट मात्र चालू होतं, मित्र होते, शाळा बुडत नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू असलेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे. पण त्यात खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या वर गेम जाणं आणि नुकसान दिसूनही न थांबणं, हे सहसा वर्षभर दिसावं लागतं. इथं तसं नव्हतं.

आम्ही तासांऐवजी मॅच मोजायचं ठरवलं. एक मॅच अर्धा तास चालू शकते, मध्येच उठलं तर चौघांच्या टीममधले बाकीचे तिघं तोंडघशी पडतात. म्हणून शेवटची मॅच साडेनऊच्या आत सुरू करायची. नंतर सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला. "माझा पण?" वडिलांनी विचारलं. खरी वाटाघाट तिथं झाली. रात्री दुकानाच्या ऑर्डरी येतात, असं त्यांचं म्हणणं. रात्री अकराला कोण साखर मागवतं, असं आईनं विचारलं.

दुसरं म्हणजे, शनिवारची घरपोच डिलिव्हरी पूर्ण त्याच्याकडे. कुठल्या गल्लीतून सुरुवात, सायकलवर कुठली पिशवी वर, सगळं तो ठरवणार. पहिल्याच शनिवारी तेलाचा डबा भलत्याच घरी गेला. वडील ओरडणार होते, पण गिळलं, असं त्यांनीच सांगितलं. पुढच्या खेपेला मुलानं पिशव्यांवर खडूनं आकडे घातले.

सहा आठवड्यांनी तिघं परत आले. झोप अकरावर आलेली, डिलिव्हरी सुरू, गेमही सुरू. गणिताचे मार्क होते तिथंच.

"दळण मात्र अजून विसरतो," आई म्हणाली.

"विसरत नाही," मुलगा म्हणाला. "दुपारी गिरणी बंद असते. आणि ही नेमकी मी शाळेतून आलो की सांगते."