अमेरिकेतील वंशभेदावर भाष्य करणारी कोणती समकालीन कलाकृती आवर्जून समजून घ्यावी?

एकच नाव घ्यायचे झाल्यास मी कृष्णवर्णीय अमेरिकी कलाकार कारा वॉकर यांच्या ‘अ सटल्टी’ या भव्य शिल्पकृतीचे घेईन. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील बंद पडलेल्या डॉमिनो साखर कारखान्यात त्यांनी ती २०१४ साली उभारली होती. सुमारे ७५ फूट लांब आणि ३५ फूट उंच अशी ही स्फिंक्ससारखी (सिंहाचे धड आणि माणसाचे डोके असलेल्या इजिप्शियन मूर्तीसारखी) बसलेली स्त्री पांढऱ्याशुभ्र साखरेने लिंपलेली होती. मात्र चेहरा कृष्णवर्णीय स्त्रीचा आणि डोक्याला गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या दासीसारखा रुमाल. उसाच्या मळ्यांत गुलामांनी घाम गाळायचा आणि निघालेली तपकिरी साखर ‘शुद्ध’ करून पांढरी करायची, हा सारा इतिहास त्या एका रंगात सामावला होता. मला त्याहून अस्वस्थ करतात ती भोवतालची, टोपल्या वाहणाऱ्या, मळीच्या रंगाच्या मुलांची शिल्पे: त्यांतील साखरेची काही मुले उन्हाळ्यात वितळून मोडली, आणि त्यांचे तुकडे इतरांच्या टोपल्यांत ठेवले गेले.

काही प्रेक्षकांनी त्या स्त्रीदेहासमोर अश्लील हावभाव करून छायाचित्रे काढली, तेव्हा कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी तीव्र संताप व्यक्त केला. वॉकर यांनी शेवटच्या दिवशी प्रेक्षकांचेच चित्रीकरण करवून घेतले आणि ती चित्रफीत स्वतंत्र कलाकृती म्हणून मांडली.