समुद्राचा तळ ४ अंशांपेक्षा थंड कसा, आणि तिथलं पाणी हलतं तरी कशामुळे?

तुमचा प्रश्न दुहेरी आहे. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, मग समुद्राचा तळ त्याहून थंड कसा? आणि वारा वरच्या वरच वाहतो, तर तीन-चार किलोमीटर खालच्या पाण्याला ढकलतं कोण?

पहिल्याचं उत्तर लवकर उरकतं. ४ अंशांचा नियम गोड्या पाण्याचा आहे. पाण्यात मीठ वाढत गेलं की गोठणबिंदू खाली जातो, आणि पाणी सर्वांत जड असण्याचं तापमान त्याहून भराभर खाली जातं. किलोमागे २४.७ ग्रॅम क्षार झाले की उणे १.३ अंशांच्या आसपास दोघांची गाठ पडते. समुद्रात सरासरी ३५ ग्रॅम असतात, म्हणजे ती हद्द केव्हाच मागे पडलेली. त्यामुळे समुद्राचं पाणी उणे १.९ अंशांना गोठेपर्यंत जड होतच राहतं. मचूळ पाण्याचा समुद्र असेल (बाल्टिकचा बराचसा भाग तसा आहे), तर तो याबाबतीत तळ्यासारखा वागतो.

दुसरा भाग जास्त गमतीचा आहे, पण त्यासाठी थोडे आकडे लागतील. ३५ ग्रॅम क्षारतेच्या पाण्याची पृष्ठभागावरची घनता ३० अंशांना घनमीटरला सुमारे १०२१.७ किलो असते, १० अंशांना १०२७ आणि शून्य अंशांना १०२८.१. फरक सारखा पडत नाही, हे लक्षात घ्या. ३० वरून २९ अंशांवर आलं की घनता साधारण ०.३४ किलोने वाढते, आणि १ वरून शून्यावर आलं की जेमतेम ०.०६ ने. उलट क्षारता एक ग्रॅमने वाढली की घनता कुठेही पाऊण-एक किलोने वाढते. म्हणून उष्ण समुद्रात तापमानाचं राज्य आणि ध्रुवाजवळ मिठाचं. शून्य अंशाजवळ एक ग्रॅम जास्तीचं मीठ म्हणजे पाणी सात-आठ अंशांवरून शून्यावर येण्याइतकं वजनदार!

उत्तर पॅसिफिकचं पाणी कडाक्याच्या थंडीतही तळापर्यंत बुडत नाही, याचं कारण हेच. तिथल्या उत्तर टोकाच्या वरच्या पाण्यात ३३ ग्रॅमच्या आसपासच क्षार असतात, आणि कितीही गार झालं तरी ते खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. उत्तर अटलांटिकचं पाणी ३५ च्या घरात असतं, म्हणून ग्रीनलंड, नॉर्वे आणि लॅब्राडॉरच्या समुद्रांत ते खोल बुडी मारतं. ग्रीनलंड आणि आइसलंडमधल्या डेन्मार्क सामुद्रधुनीत हे थंड पाणी पाण्याखालच्या उंबरठ्यावरून सेकंदाला सुमारे ३० लाख घनमीटर या दराने खाली कोसळतं. सगळ्यांत जड पाणी मात्र अंटार्क्टिकाभोवती, वेडेल आणि रॉस समुद्रांकडे तयार होतं. किनाऱ्यावरून सुटलेला बोचरा वारा बर्फ तयार होताच समुद्राकडे ढकलतो, उघड्या पडलेल्या पाण्यावर नवं बर्फ धरतं, आणि बर्फ धरताना बहुतेक मीठ खालच्या पाण्यात टाकून देतं. ते गोठणबिंदूवरचं, जास्तीचं खारं पाणी उतारावरून घरंगळत तळ गाठतं आणि विषुववृत्ताच्या पलीकडेही पसरतं.

बहुतेक पुस्तकं इथे थांबतात, जगभरच्या समुद्रांतून फिरणाऱ्या पाण्याचं सरकत्या पट्ट्यासारखं चित्र काढतात आणि बुडणाऱ्या थंड पाण्याला इंजिन ठरवतात. मला ते चित्र अपुरं वाटतं. खरी मेख अशी, की पाणी वरूनच तापतं आणि वरूनच गार होतं. जड पाणी तळाशी साचत गेलं आणि त्याला कुणी हलवलं नाही, तर काही हजार वर्षांत सारा खोल समुद्र थंड, जड पाण्याने भरून जाईल आणि नव्या पाण्याला बुडायला जागाच उरणार नाही. गाडं चालू राहायचं तर खालचं पाणी वर आणावं लागतं, आणि त्याला बाहेरून ऊर्जा लागते. १९९८ साली वॉल्टर मंक आणि कार्ल वुन्श या समुद्रशास्त्रज्ञांनी हिशोब मांडला, की या घुसळणीला सुमारे दोन टेरावॅट (दोन लाख कोटी वॅट) शक्ती लागते आणि ती वारा व भरती-ओहोटी यांतूनच येऊ शकते. भरतीचा प्रवाह समुद्रतळावरच्या डोंगररांगांवरून जाताना पाण्याच्या आतल्या आत लाटा उठतात, त्या फुटतात आणि थर एकमेकांत मिसळतात.

वाऱ्याचा हात तर थेट खोलवर पोचतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याने ढकललेल्या थराचा एकूण ओघ वाऱ्याच्या काटकोनात जातो, उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिणेत डावीकडे. अंटार्क्टिकाभोवती वर्षभर पश्चिमेचे वारे घोंघावतात, म्हणून वरचं पाणी उत्तरेकडे सरकतं. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांमधल्या ड्रेक सामुद्रधुनीच्या अक्षांशांवर पृथ्वीभर कुठेच जमीन आडवी येत नाही, त्यामुळे ही तूट वरच्या पाण्याने सहज भरून निघत नाही, दोन-तीन किलोमीटर खालचं पाणी वर ओढलं जातं. म्हणजे वारा वरवर वाहतो हे खरं, पण परिणाम वरवर राहत नाही.

खोल पाण्याचे आकडे वाचताना एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. पॅसिफिकमधल्या अतिखोल मारियाना गर्तेत साडेचार किलोमीटरवर सुमारे १.५ अंश तापमान असतं आणि तळाशी जवळपास २.५. गरम पाणी खाली कसं? हा निव्वळ दाबाचा परिणाम आहे. दाबलं गेलेलं पाणी किंचित तापतं. म्हणून वेगवेगळ्या खोलींवरच्या पाण्याची तुलना करताना, ते पृष्ठभागावर आणलं तर किती अंशांचं भरेल, हे काढून मगच करतात.

घरी पडताळायचं असेल तर दोन उंच पारदर्शक ग्लास घ्या. एकात साधं पाणी, दुसऱ्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवलेलं. दोन्ही ग्लास तासभर तसेच ठेवा, म्हणजे तापमान सारखं होईल आणि पाण्याची हालचाल थांबेल. मग गडद खाद्यरंग घालून गोठवलेला एकेक बर्फाचा खडा अलगद सोडा. गोड्या पाण्यात रंगाचे धागे सरळ तळाकडे उतरतात. खाऱ्यात रंग वरच पातळ थरासारखा थांबतो, कारण वितळलेलं पाणी थंड असलं तरी गोडं असतं. तोच थंड थर बर्फाला बिलगून राहिल्यामुळे खाऱ्या पाण्यातला खडा उशिरा वितळतो. धागे दोन्हीकडे दिसले नाहीत, तर बहुधा पाणीच फार थंड आहे. साधं पाणी ४ अंशांच्या जवळ असेल तर फरक मिळणार नाही, २० च्या पुढचं घ्या. खडा हातातून टपकन टाकला तरी रंग सगळीकडे फिसकटतो. आणि बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून जे घालतात, त्याने पाणी गढूळ होतं. जाडं मीठ घेतलेलं बरं.