वॉल्डनच्या तळ्याला फेरी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जूनमध्ये लेकीकडे बॉस्टनला जातोय. तिथून जवळच्या वॉल्डन तळ्याभोवती जंगलातून चालायला सोपी वाट आहे म्हणे. माझं वय ६६, यजमानांचं ७१, त्यांचे गुडघे कुरकुरतात. झेपेल का?
– एक वाचक, नाशिक

झेपेल. पूर्ण फेरी साधारण २.७ किलोमीटरची. तरणी माणसं पाऊण तासात उरकतात, तुम्ही दीड तास धरा. गुडघ्यांची खरी परीक्षा वाटेवर नाही, सुरुवातीला आहे. गाडीतळ रूट १२६ च्या पलीकडे, उंचावर आहे. रस्ता ओलांडून तळ्याकाठी उतरायचं आणि दमल्यावर तेवढंच चढायचं. जाता-येता पायऱ्यांऐवजी उताराचा रस्ता धरा.

खाली पोहण्याच्या मुख्य किनाऱ्यावर पाण्याकडे तोंड करून उभं राहिलं की उजवीकडे वळा. ‘वॉल्डन’ या पुस्तकाचा अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो १८४५ ते १८४७ मध्ये ज्या खोपटात राहिला, त्याची जागा याच बाजूला, पाऊण-एक किलोमीटरवर आहे. खोपट उरलेलं नाही. दगडी खांबांनी आखलेला १० बाय १५ फुटांचा चौकोन आणि शेजारी लोकांनी रचलेली दगडांची रास, एवढंच दिसतं. खोपटाची प्रतिकृती गाडीतळाजवळ आहे, ती जातानाच बघून घ्या. गुडघे बोलू लागले तर खोपटाच्या जागेपासून मागे फिरा, बघण्यासारखं बरंचसं तोवर झालेलं असतं. डावीकडून सुरुवात केली तर ही सोय राहत नाही.

पुढे पश्चिम टोकाला वाट रेल्वेरुळांजवळून जाते आणि मग दक्षिण काठाने परत येते. वाट अरुंद, वाळूची, मुळं वर आलेली. दक्षिण काठावर सावली दाट, म्हणून पावसानंतर तिथली मुळं उशिरापर्यंत ओली राहतात आणि लोक घसरतात ते तिथेच. चपला-सँडल नकोत, पकड असलेले बूट घाला. रबरी टोकाची काठी असू द्या. वाटेच्या कडेला तारा लावल्या आहेत, कारण लोक वाटेल तिथून पाण्याकडे उतरायचे आणि काठ ढासळायचा. त्यामुळे पटकन बाजूला सरकता येत नाही, मागून कोणी भरभर आलं तर वाट रुंद होईपर्यंत त्यांना थांबू द्या. पलीकडच्या काठाला स्वच्छतागृह नाही. निघण्याआधी जाऊन या.

प्रश्न : तिकडच्या जंगलात गोचीड चावून मोठा आजार होतो आणि एका वेलीला हात लागला तरी अंगावर फोड येतात, असं ऐकलं. खरं किती?
– एक वाचक, पुणे

दोन्ही खरं आहे, आणि दोन्हींवर उपाय सोपे आहेत.

गोचीड हरणांच्या अंगावरची, तिच्यामुळे लाइम हा आजार होतो. मे ते जुलैमध्ये तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात, म्हणून दिसत नाहीत. ती झाडावरून पडत नाही. गवताच्या, पाल्याच्या टोकाला बसून राहते आणि घासून जाणाऱ्याला चिकटते. वाटेच्या मधोमध चाललात तर निम्मी काळजी मिटली. फिक्या रंगाची पँट किंवा सलवार घाला, तिची टोकं मोज्यांत खोचा. साडीचा घोळ गवत झाडत जातो, तो इथे नको. २० ते ३० टक्के डीट (किडे दूर ठेवणारं औषध) असलेलं मलम किंवा फवारा उघड्या त्वचेला लावा.

घरी आल्यावर दोन तासांच्या आत आंघोळ करा आणि गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कानामागे, केसांत बघा. कपडे धुण्याआधीच ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर दहा मिनिटं फिरवा. नुसत्या धुण्याने गोचीड मरेलच असं नाही. चिकटलेली सापडली तर टोकदार चिमट्याने त्वचेला अगदी लागून धरा आणि पिळ न देता सरळ वर ओढा. तेल, व्हॅसलीन, पेटती काडी यातलं काही नको, त्यात वेळ जातो. आजाराचे जंतू अंगात शिरायला सहसा २४ तासांहून जास्त लागतात, म्हणूनच त्याच दिवशी शोधणं महत्त्वाचं. पुढच्या महिनाभरात पसरत जाणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीचं आठवणीने सांगा.

वेलीचं नाव पॉयझन आयव्ही. तीन-तीन पानं, मधल्या पानाचा देठ लांब. झाडावर चढलेली जुनी वेल केसाळ दिसते. ही आपल्या बिब्ब्याच्याच कुळातली, आंबा-काजूही त्यातलेच. बिब्बा उततो तसंच हे. आंब्याच्या चिकाने ज्यांचं तोंड उठतं त्यांनी जास्त जपावं. स्पर्श झालाच तर दहा-पंधरा मिनिटांत साबण लावून भरपूर पाण्याने धुवा. फोड यायला दिवस-दोन दिवस लागतात, म्हणून ‘काही झालं नाही’ म्हणून सोडू नका. चीक बुटांवर, काठीवरही राहतो, तेही धुवा.

प्रश्न : सासूबाईंना तळ्यात फुलं सोडायची आहेत. चालेल?
– एक वाचक, बॉस्टन

नको. हिमनदीने मागे टाकलेला बर्फाचा प्रचंड तुकडा वितळून झालेला हा खड्डा आहे, खोली सुमारे ३१ मीटर. त्याला ओढा येऊन मिळत नाही, बाहेरही जात नाही. पाणी भूजलातूनच येतं-जातं. पडलेलं कुजून तिथेच राहतं आणि शेवाळ वाढतं. हात जोडा, फुलं घरी न्या. पाय बुडवायचे तर मुख्य किनाऱ्यावरच, इतरत्र काठ एकदम खोल जातो.

प्रश्न : जायचं कसं?
– एक वाचक, ठाणे

शनिवार-रविवारी उकाडा असेल तर गाडीतळ भरतो आणि फाटक बंद करतात, म्हणून सकाळी लवकर पोहोचा. पार्किंगचं शुल्क नंबरप्लेटवर ठरतं: मॅसॅच्युसेट्सच्या गाडीला ८ डॉलर, बाहेरच्या राज्यातल्या गाडीला ३०. भाड्याची गाडी घेताना पाटी बघा. बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनहून फिचबर्ग मार्गाची लोकल तळ्याजवळच्या काँकर्ड गावाला सोडते. तिथून तळं दोन-अडीच किलोमीटर पायी, मध्ये रूट २ सिग्नलवर ओलांडावा लागतो. ज्येष्ठांसाठी हे चालणं फेरीत मिळवून हिशेब करा. कुत्रा आणि सायकल दोन्हींना बंदी आहे.